सात नंबर अजून गरम आहे

११ एप्रिल

प्रिय भिंगरे,

गेला! एकदाचा गेला ग बाई! ख्यालीखुशाली मागाहून विचारते, आधी हे वाच. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या प्लांटच्या बारा डब्यांपैकी एक, सात नंबरचा, काल सकाळी गावातून गेला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

फोनच करणार होते. तुझ्या बाबांनी तो हातातून काढून घेतला. म्हणाले, "फोनवर तुम्ही दोघी बोलत नाही, एकमेकींची वाक्यं तोडता. लिही." म्हणून लिहिते आहे. कागदावर तुला मध्येच बोलता येत नाही, हा एक फायदा.

गेला आठवडाभर सात नंबरवर भला मोठा तंबू ठोकला होता. बाहेरून एक टोळी आली होती. त्यांची यंत्रं, त्यांची क्रेन, चहासुद्धा त्यांचाच. रोज डब्यांची फेरी मारणाऱ्या आम्हा लोकांना तिकडे फिरकायची बंदी. अणुवीज प्लांट चालू होता तेव्हा पाण्याच्या टाकीवरची क्रेन मी चालवायचे. प्लांट बंद झाल्यावर टाकीतलं वापरलेलं जळण या डब्यांत उतरवलं तेही मीच. आणि आता कालची पोरं मला म्हणतात, "मावशी, जरा पलीकडून जा." गेले पलीकडून. वाद कशाला घाला, जात होता ना एकदाचा.

तारीख कोणाला सांगायची नाही असा सक्त हुकूम होता. पण त्या टोळीने बेकरीवालीला नेहमीच्या दुप्पट पाव लवकर तयार ठेवायला सांगितले, आणि बेकरीवालीच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीतच आहे. सकाळी सगळं गाव रस्त्यावर. शाळेने मुलं आणली, बँड आणला. प्लांटची जुनी माणसं जुने गणवेश चढवून आली, त्यातल्या निम्म्यांची बटणं लागत नव्हती. नगराध्यक्ष स्टुलावर चढून भाषण करत होते, पण गाडीचा भोंगा सारखा वाजत असल्यामुळे फक्त त्यांचे हात दिसले. गाडीला इतकी चाकं की बघताना डोळे फिरावेत, आणि चाल अशी की मुलं तिच्या पुढे चालत होती. वर ताडपत्रीने झाकलेला आडवा डबा. तुझ्या बाबांनी टोपी काढली. मी म्हटलं, "टोपी का काढलीत? कोणी मेलंय का?" तर म्हणाले, "कळत नाहीये."

तर भिंगरे, तू म्हणाली होतीस, "पहिला डबा हलेल तेव्हाच पोरीला घेऊन त्या घरात पाऊल टाकीन. हलणार आहे असं सांगू नकोस, हललेला हवा." हलला. पिल्लू चार वर्षांची झाली आणि मी तिला फक्त फोटोत पाहिली आहे. आता ये.

पुढचं दार फुगून खाली घासतं. तू येण्याआधी रंधा मारून ठेवतो असं बाबा म्हणताहेत.

तुझी
आई


१९ एप्रिल

प्रिय भिंगरे,

तुझं कार्ड आलं. "पाच मेला पोचतो. दोघीच." एवढ्याशा कार्डावर एवढाच मजकूर, पण तो मी किती वेळा वाचला ते सांगत नाही, तू हसशील. दोघीच का, हेही विचारत नाही. बघ, किती सुधारले आहे मी.

तुझ्या खोलीतला पसारा काढला. बाबांनी माळ्यावरून तुझी लहानपणची खुर्ची काढली. तिचा एक पाय हलतो. तो दुरुस्त करायला घेतला आणि आता दोन हलतात. दाराचं काम खुर्चीनंतर होईल म्हणे.

एक आधीच सांगून ठेवते, नाहीतर आल्या आल्या खिडकीत जाशील आणि दचकशील. बाहेर डबे अजून बाराच दिसतात. आतली पोलादी बरणी तेवढी काढून नेतात. बाहेरचं काँक्रीटचं कवच जागेवरच राहतं, ते मागाहून फोडणार आहेत. पिल्लूने विचारलं तर असं सांग, की चूल विझली तरी निखारे धग देत राहतात. आजीच्या कामावरचे निखारे फार हट्टी आहेत, आपल्या आयुष्यात विझायचे नाहीत. म्हणून ते बरणीत ठेवलेत आणि बरणी जाडजूड कवचात. कवचाच्या खालच्या जाळीतून वारा आत जातो आणि वरच्या जाळीतून गरम होऊन बाहेर येतो. जाळीत पालापाचोळा अडकला नाही ना, पाखरांनी घरटं केलं नाही ना, हे आजी रोज फिरून बघते. एवढंच आजीचं काम, घाबरायचं काही नाही. हे शेवटचं वाक्य तुला पटणार नाही, पण तिला सांगायला काय हरकत आहे?

तंबू काढल्यामुळे परवापासून आम्हाला पुन्हा सगळ्या डब्यांची फेरी आहे, रिकाम्याचीसुद्धा. शिडीवर चढून वरच्या जाळीशी काठीला बांधलेला तापमापक धरायचा, आकडा थेट साहेबांच्या खोलीत जातो. मी वर सवयीने तळहातही धरते, अगदी क्षणभर. नियमात नाही. पण तापमापक बिघडलेला असू शकतो, हात माझा आहे.

सात नंबर गरम लागला.

जोडीला तो लांब्या होता, तुझ्या शाळेतला, आता आमच्याकडे फेरीवर असतो. तो म्हणाला, "काकू, काँक्रीट आहे. निवायला वेळ घेणार." खरंच आहे, एवढी जाड भिंत, वर्षानुवर्षं धग खाल्लेली. पहिल्यांदाच एखादा डबा रिकामा झालाय, तेव्हा किती दिवसांत निवतो हे कोणाला ठाऊक असणार? आपलं एक मांजर आहे कुंपणातलं, भुरं. ते अजून सात नंबरलाच पाठ टेकून बसतं. मांजराला कुठं कळतंय.

पिल्लू दुधात साखर घेते का ते कळव.

तुझी
आई


२४ एप्रिल

भिंगरे,

हे पत्र पेटीत टाकीन की नाही माहीत नाही. पण कोणाशी तरी बोलल्याशिवाय मला राहवत नाही, आणि ज्यांच्याशी बोलते ते मला आणखी गोंधळात टाकतात.

सात नंबर निवत नाही. आठही गरम, सहाही गरम, आणि सात त्यांच्याइतकाच. मी डोळे मिटून तिघांवर हात धरून पाहिला. लांब्या खालून ओरडला, "काकू, नाडी बघताय का?"

शेवटी साहेबांकडे गेले. पोरगेलासा माणूस आहे, वाईट नाही, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या डोक्याचा भुगा व्हावा.

मी म्हटलं, "साहेब, सात नंबर निवत नाही."

"आकडे येतात माझ्याकडे, मावशी. तुम्ही जाळ्या बघा."

"पण आत काही नसेल तर गरम कसा?"

"आत काही नाही, असं मी म्हटलं का?"

"म्हणजे आहे?"

"तसंही म्हटलेलं नाही." मग जरा नरमून म्हणाले, "मावशी, काय आत आहे, काय बाहेर गेलं, कधी गेलं, हे कोणी कोणाशी बोलायचं नाही. तुम्ही सही केली आहे. मीपण केली आहे."

आता यातून मी काय समजायचं, तूच सांग. गेला म्हणावं तर गरम आहे. आहे म्हणावं तर मी तो जाताना पाहिला, बँडसकट. पाहिलं तरी काय म्हणा, ताडपत्रीच पाहिली. आतलं कोणी पाहिलं?

बाबांना सांगितलं. ते खुर्चीच्या पायाला फडकं गुंडाळत होते. म्हणाले, "गप्प बस. पोरगी येते आहे, येऊ दे."

"पण मी तिला शब्द दिलाय."

"तू तुला दिसलं ते लिहिलंस. खोटं कुठं बोललीस?"

"तेव्हा नाही बोलले. आता गप्प बसले तर ते खोटंच झालं ना?"

त्यांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. वाद संपवायची ही त्यांची नवी पद्धत आहे. फार सोयीची आहे, मलाही एक घ्यावंसं वाटतं.

गेले चार दिवस माझं नुसतं तळ्यात मळ्यात चाललंय. सकाळी वाटतं, लिहून टाकावं. दुपारी तुझ्या खोलीत जाते, तिथे ती खुर्ची दिसते आणि वाटतं, कशाला? आम्ही इतकी वर्षं या डब्यांशेजारी राहिलो, काय झालं आम्हाला? मुलीला दोन दिवस येऊन राहायला काय धाड भरणार आहे? मग पुन्हा आठवतं, की याच वाक्यावरून आपलं भांडण झालं होतं. तुझे दिवस भरत आले होते आणि मी नेमकं हेच म्हणाले होते, आणि तू म्हणालीस, "आई, तुला माझ्यापेक्षा ते डबे जवळचे आहेत." मी ते विसरले आहे असं तुला वाटत असेल.

विसरलेले नाही. त्याला काय उत्तर द्यायचं ते मात्र अजून सुचलेलं नाही.

आई


२६ एप्रिल

प्रिय भिंगरे,

सोबत परवाचं पत्रही घालते आहे, आधी ते वाच.

तो सराव होता.

आज साहेब जेवणाच्या सुट्टीत एकटेच कट्ट्यावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. काही विचारलं नाही. म्हटलं, "पाच मेला माझी नात येते आहे. पहिल्यांदा. सात नंबर गेला म्हणून येते आहे." त्यांनी जेवणाच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "मावशी, खरी बरणी काढण्याआधी सगळं एकदा करून बघावं लागतं. तंबू, क्रेन, गाडी, रस्ता, पूल. बरणी तशीच, पण आत लोखंडाचे ठोकळे. वजन तेवढंच भरायला हवं ना."

"आणि बँड?"

"बँड आम्ही नव्हता बोलावला, मावशी."

भिंगरे, मला हसू आलं. सगळ्या गावाने मिळून लोखंडाच्या ठोकळ्यांना निरोप दिला. नगराध्यक्षांनी भाषण केलं. तुझ्या बाबांनी टोपी काढली. बेकरीवालीने तर गाडीचा फोटो मोठा करून गल्ल्याच्या वर लावलाय, त्याखाली "अखेर!" असं लिहून. आणि मी तोंडाला कुलूप लावून रोज तिच्याकडून पाव घ्यायचा.

खरा कधी जाणार? साहेब म्हणाले, माहीत नाही. आणि माहीत असतं तरी माहीत नाही असंच म्हणालो असतो. तेव्हा त्यांनाच ठाऊक नाही, का ठाऊक असून सांगत नाहीत, हेही मला माहीत नाही.

हे तुला लिहिणं नियमाविरुद्ध आहे. सही केलेली मोडते आहे. साहेबांनी मला आतलं सांगितलं तेव्हा त्यांनीही मोडली, म्हणून त्यांचं नाव कुठे काढू नकोस.

गप्प बसता आलं असतं. तुला कळलंही नसतं. पाच मेला पिल्लू माझ्या मांडीवर असती. पण तू खिडकीशी उभी राहून विचारलं असतंस, "यातला सात नंबर कुठला ग?" आणि मला बोट दाखवून म्हणावं लागलं असतं, "तो बघ, रिकामा." ते मला जमलं नसतं. बराच विचार केला, पण ते बोट काही पुढे होईना.

येऊ नकोस असं मी लिहिणार नाही. ये असं लिहायचा मला आता हक्क नाही. काय लिहू ते कळत नाही, म्हणून इथेच थांबते. बाबांना हे पत्र टाकल्याचं सांगितलेलं नाही.

तुझी
आई


२० मे

भिंगरे,

पाच तारीख आली आणि गेली. मी त्या दिवशी फेरीवर नव्हते, रजा घेतली होती. उगीच, घरातली कामं होती म्हणून.

तू आली नाहीस ते समजू शकते. पण एक ओळ? रागावलीस तर रागावून लिही. मी खोटं बोलले म्हणून रागावलीस की खरं बोलले म्हणून, तेही मला कळत नाही. माझ्यावर रागावलीस की सात नंबरवर? पूर्वी हे मला नीट कळायचं. निदान कळतं असं वाटायचं.

तू बाबांना फोन केलास हे मला कालच कळलं. आठ दिवस माणसाने पोटात ठेवलं! काय म्हणाली, विचारलं, तर म्हणाले, "आई बरी आहे ना, असं विचारत होती."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"बरी आहे म्हटलं."

"आणि?"

"आणि काय? तिने ठेवला."

घरात एवढा मोठा फोन आला आणि त्यातली चार वाक्यं मला मिळाली. ती मी घोळवत बसले आहे. "बरी आहे ना" असं माणूस काळजीने विचारतं की दारावरून परत जाताना विचारतं? तुझा सूर कसा होता, विचारलं. ते म्हणाले, "यंत्र नीट बसलं नव्हतं कानात." आता बोल!

मी बरी नाही. कळलं? जेवते, झोपते, शिडी चढते, पण बरी नाही. तुझ्या खोलीतली खुर्ची तशीच आहे. दार तसंच घासतं. बाबांनी रंधा काढला होता तो परत आत ठेवला. घाई कशाची, म्हणाले.

आई


२ सप्टेंबर

प्रिय भिंगरे,

हे पत्र लिहायचं मी बरेच दिवस टाळलं. आधी खात्री करत होते. मग खात्री झाल्यावरही टाळलं, त्याचं कारण पुढे लिहिते.

गेले तीन महिने ते तंबू ठोकत होते आणि काढत होते. आज पाचवर, उद्या अकरावर. गाडी यायची, ताडपत्री घालून जायची. गावाने पहिल्या तीन-चार वेळा दारात येऊन पाहिलं, मग कोणी मानही वर करेना. बेकरीवाली म्हणते, पहिला गेला तेव्हाची मजा आता राहिली नाही. मी पाव घेऊन घरी येते.

मधे माझी दाढ ठणकत होती. दोन दिवस रजा घेतली, दाढ काढून घेतली, सुजलेलं तोंड घेऊन कामावर आले. लांब्याला विचारलं, "काही विशेष?" "काही नाही. तंबू आला, तंबू गेला." फेरी सुरू केली. सहावर चढले, हात धरला, गरम. सातवर चढले, हात धरला.

आधी वाटलं, दाढेच्या औषधाने हात बधिर झालाय. खाली उतरून आठवर चढले. गरम. परत सातवर आले. कोमट होता, अंघोळीचं पाणी ठेवून विसरल्यावर होतं तसा. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. मी कोणाला काही बोलले नाही. लांब्याचं म्हणणं खरं होतं, काँक्रीट निवायला वेळ घेतं. रोज चढत होते आणि रोज तो थोडा थोडा जात होता. चार दिवसांपूर्वी जाळीतून येणारा वारा बाहेरच्या वाऱ्यासारखाच लागला. थंड. मांजर तीन दिवस आधीच आठ नंबरकडे गेलं होतं, पण त्याच्या भरवशावर मी तुला लिहिणार नव्हते.

साहेब समोरून आले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मावशी, दाढ कशी आहे?" मी म्हटलं, "गेली." ते म्हणाले, "बरं झालं." एवढंच बोलणं झालं.

तर भिंगरे, सात नंबर गेला. खरा. बँड नाही, भाषण नाही, मीसुद्धा नाही. ज्यात मी जळणाची एकेक कांडी धरून उतरवली तो गेला तेव्हा मी आ वासून दातांच्या डॉक्टरांकडे पडले होते. मागच्या वेळी मी तुला आधी कळवलं आणि मग हात लावून पाहिला. या वेळी आधी हात लावला आहे.

आता टाळत का होते ते. शिडीवर उभी होते, तळहात थंड, आणि मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला क्षणभर वाटलं, परत गरम व्हावा. लाज वाटते लिहायला, पण तसंच वाटलं. खाली उतरून तिथेच कठड्यावर बसले, तेव्हा कुठे कळलं. इतकी वर्षं तू येत नव्हतीस आणि मी खिडकीतून बोट दाखवून स्वतःला सांगत होते की यांच्यामुळे येत नाही. फार सोय होती त्यांची. आता तो बाजूला झाला. आता तू आली नाहीस तर मी कोणाकडे बोट दाखवू? मला भीती वाटते ग. सात नंबर तिथे होता तेव्हा कधी वाटली नव्हती एवढी.

तू म्हणाली होतीस, डबे मला तुझ्यापेक्षा जवळचे आहेत. उत्तर मला अजूनही नीट मांडता येत नाही. पण एवढं सांगते, सात नंबर निवल्याचं कळलं तेव्हा मला त्याची आठवण आली नाही. तुझी आली.

बाकीचे अकरा अजून गरम आहेत. एक तुला पुरतो की नाही, ते तू ठरव. पण न येण्याचं ठरवलंस तर या वेळी डब्यांचं नाव सांगू नकोस. काय ते माझं नाव घेऊन सांग. मी ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही.

पिल्लू दुधात साखर घेते की नाही ते तू अजून कळवलेलं नाहीस. खुर्चीचे चारही पाय आता पक्के झालेत, बाबांनी शेवटी सुताराला बोलावलं. दाराला मात्र त्याला हात लावू दिला नाही, "ते मी करणार," म्हणतात. तेव्हा दार घासतंच. कुलूप नसतं. खांद्याने जोर लावलास की उघडतं, तुला सवय आहे.

तुझी
आई